मागच्या जाळीची चाचणी

सायकलच्या दुकानात शिरताच आईने मला भरलेला खोका जमिनीवर ठेवायला लावला आणि पर्समधून स्वतःची टेप काढली. दुकानदाराच्या टेपेचा पहिला इंच झिजलेला असतो, असं तिचं मत होतं.

"एक्केचाळीस बाय अठ्ठावीस," दस्तगीर गुडघ्यावर बसून म्हणाला. "उंची पंचवीस. सेंटीमीटरच की?"

"सेंटीमीटरच. आणि जाळीचं आतलं माप सांग. बाहेरचं सांगून गळ्यात मारू नकोस."

"सिस्टर, तुमच्या गळ्यात मारून मी मिरजेत राहीन होय?"

आई सत्तावीस वर्षं बेडगच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. दस्तगीर शिकलगारची सासुरवाडी बेडगची, आणि त्याच्या दोन्ही मुलींना पहिली लस आईनेच टोचलेली. त्यामुळे त्या दुकानात मी, डॉ. चंदना मगदूम, एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या साहित्य-परीक्षण प्रयोगशाळेची प्रमुख, फक्त सिस्टरांची मुलगी होते. सळ्या, वेल्डिंगचे सांधे, काँक्रीटचे ठोकळे यांची ताकद मोजून त्यावर सही करणे हा माझा व्यवसाय. या गोष्टीला आता सात वर्षं झाली. व्यवसाय तोच आहे.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि मी तिला बेडगहून मिरजेला माझ्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. तिचं डायलिसिस घरीच, पोटातून चाले. पोटात बसवलेल्या नळीतून जुनं द्रावण काढून टाकायचं आणि पिशवीतलं दोन लिटर नवं आत सोडायचं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं. खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. नळी जोडताना कुणी बोलायचं नाही. या क्रमात कुठे चूक झाली तर पोटात जंतुसंसर्ग होतो. जाळीच्या या खरेदीच्या आठ महिने आधी तो एकदा झाला होता. मी दोन दिवस पुण्याला परिषदेला गेले होते आणि आईने आठही वेळा पिशवी स्वतः बदलली होती. तिसऱ्या दिवशी ताप आला, निचऱ्याचं पाणी गढूळ झालं, आणि ती अकरा दिवस रुग्णालयात होती.

तेव्हापासून चारही पिशव्या मी लावत असे. दुपारच्या पिशवीसाठी कॉलेजातून घरी येत असे: जायला चौदा मिनिटं, यायला चौदा. आई खिडकीपाशी बसून राही. हातातली सगळी कामं मी काढून घेतली होती. मी ते काळजीपोटी केलं होतं आणि नीट केलं होतं.

जून महिन्यात तिने मला न विचारता निवृत्तिवेतनातून एक इलेक्ट्रिक सायकल मागवली. पुढची दांडी खाली असलेली, साडी नेसून चढता येईल अशी.

तिची योजना साधी होती. सकाळची पिशवी झाली की सातला निघायचं आणि बेडगला ताराक्कांकडे जायचं. ताराक्का चौगुले या निवृत्त अंगणवाडी सेविका, आईची तीस वर्षांची मैत्रीण. त्यांचं घर बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, मागच्या गल्लीत. दुपारची पिशवी तिथे स्वतः लावायची आणि पाचला परत यायचं, म्हणजे सूर्यास्ताच्या आत जेवणही होईल. ताराक्कांनी मागच्या खोलीला चुना दिला होता, भिंतीत आकडी ठोकली होती, हात धुवायला नळ ओढून घेतला होता. सोमवार ते शनिवार अशा सहा दुपारच्या सहा पिशव्या. त्या दर सोमवारी एका खोक्यातून सायकलवर जाणार होत्या. रविवारी ती माझ्याबरोबर.

मी डॉक्टरांकडे आशेने पाहिलं होतं. ते म्हणाले, सायकल चालवता येत असेल तर जरूर चालवा. मग मी रस्त्याचा मुद्दा काढला. आई म्हणाली, त्या रस्त्यावर डांबर नव्हतं तेव्हापासून ती तो ओळखते. मी आकडीच्या उंचीबद्दल विचारलं. ताराक्कांनी मोजून कळवली. शेवटी मी म्हटलं की सायकलच्या कॅरिअरवर तेरा किलोचा खोका दोरीने बांधून नेणं शास्त्रीय दृष्ट्या चुकीचं आहे. आईने ते लगेच मान्य केलं. म्हणून आम्ही त्या शनिवारी जाळी घ्यायला आलो होतो.

दस्तगीरने तीन जाळ्या काढल्या. पहिली प्लॅस्टिकची, भाजीच्या क्रेटसारखी. तिच्या कोपऱ्यांवर मी अंगठा दाबला तर ते आत गेले. दुसरी बारीक तारेची, दिसायला देखणी, पण तारेचे जोड वरवर चिकटवलेले होते आणि आतलं माप दीड सेंटीमीटरने कमी. तिसरी सहा मिलिमीटरच्या सळीची चौकट, तिच्यात जाड जाळी वेल्ड केलेली, काळा रंग. मी वेल्डिंगचे सगळे सांधे नखाने तपासले. चौदापैकी चौदा चांगले होते.

"ही," मी म्हटलं.

"ही दूधवाल्यांची आहे," दस्तगीर म्हणाला. "सिस्टरना जड होईल. तीन किलो नुसती जाळीच."

"होऊ दे," आई म्हणाली. "ती म्हणते ना ही, तर हीच."

निवड मी प्रामाणिकपणे केली, हे नोंदवावंसं वाटतं. बसवतानाही मी काही हातचं राखलं नाही. जाळी मागच्या चाकाच्या आसाच्या थोडी पुढे घ्यायला लावली, म्हणजे वजन मागे ओढणार नाही आणि चढावर पुढचं चाक हलकं होणार नाही. पेडल मारताना आईची टाच लागते का ते तिला बसवून पाहिलं. मागचा लाल दिवा झाकला जात होता, तो खाली उतरवला. दस्तगीर साधे नट लावत होता. मी आत नायलॉनचं कडं असलेले, धक्क्याने सैल न होणारे नट मागितले. जाळी आणि कॅरिअर यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. पुढच्या बाजूला दोन लोखंडी पट्ट्या, मागे दोन पकडी.

दस्तगीरने शेवटचा पाना फिरवून जाळी दोन्ही हातांनी हलवली. सायकल हलली, जाळी हलली नाही.

"ताई, तुमी ह्यात बसा, सिस्टर तुमास्नी बेडगला सोडतील," तो म्हणाला.

आई हसली. माझ्या घरी राहायला आल्यापासून तिला मी असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मला ते आवडलं नाही. न आवडण्याचं कारण मी तेव्हा शोधलं नाही.

"तरी मशीनवर बघायला हवं," मी म्हटलं.

दस्तगीरने पाना खाली ठेवला. जाळीला मशीन कशाला, असं काहीसं तो पुटपुटला.

"रस्त्यावर धक्के बसतात. हाताने हलवून काही सिद्ध होत नाही."

आई थोडा वेळ जाळीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. लसींच्या फ्रिजमधला तापमापक हा सत्तावीस वर्षं तिचा वरिष्ठ अधिकारी होता. काटा रेषेबाहेर गेलेला दिसला तर तिने कधी कारणं ऐकून घेतली नाहीत. सगळा साठा बाद करून टाकला. यंत्र बोललं की माणसाने गप्प बसायचं, ही तिची शिस्त होती आणि माझ्याविषयी तिला जो अभिमान होता तो बराचसा माझ्या यंत्रांविषयीचा होता.

"बघ," ती म्हणाली. "तुझ्या मशीनवर टिकली तर मी सोमवारी जाणार. मग तू पुन्हा काही काढायचं नाहीस. आणि मोडली तर मी नाव काढणार नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. दस्तगीरने चार बोल्ट सोडून जाळीसकट अख्खं कॅरिअर माझ्या ताब्यात दिलं आणि उद्या साडेअकराला घरी येऊन परत बसवून देतो म्हणाला.

रविवारी प्रयोगशाळा बंद असते. सकाळची पिशवी झाल्यावर मी किल्ली घेऊन गेले. आमच्याकडे मोठ्या मशीनखेरीज एक लहान मशीन आहे, पाचशे किलोपर्यंतचं. कॅरिअर त्याच्या बैठकीवर सायकलवर असतं तसंच आवळलं, जाळीत लाकडी ठोकळा ठेवला आणि वरून भार द्यायला सुरुवात केली. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागत होतं, कारण बाराला घरी असणं भाग होतं. त्या आठ महिन्यांत मी घड्याळ न बघता काहीच केलं नव्हतं.

भार चढत गेला. बराच वेळ काही झालं नाही. मी एकदा थांबले, वहीत लिहिलं, मशीनचं चाक पुन्हा फिरवलं. नंतर कॅरिअरचा डावा पाय हळूहळू बाहेर वाकला, ट्यूबचा तुकडा पिळवटून निसटला आणि पुढची एक पट्टी बोल्टच्या भोकापाशी फाटली. आवाज फारसा झाला नाही. मी आकडा वहीत लिहिला, तारीख घातली, सही केली. सवय.

घरी पोचले तेव्हा अकरा चाळीस झाले होते. दस्तगीर व्हरांड्यात चहा पीत बसला होता. मी फाटलेली पट्टी आईसमोर टेबलावर ठेवली.

तिने चष्मा लावला. पट्टी उचलून फाटलेली कड बोटाने चाचपली, उजेडाकडे धरली. मी तिच्या प्रश्नाची वाट पाहत होते. उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं. तिने विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मी त्या वेळी स्वतःला सांगत होते.

"बरं," आई म्हणाली. पट्टी तिने जागच्या जागी ठेवली. "पावणेबारा झाले. हात धुते."

ती न्हाणीघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी वाकलेलं कॅरिअर घेऊन व्हरांड्यात गेले. दस्तगीरने कप खाली ठेवून ते हातात घेतलं, वाकलेल्या पायावरून तळवा फिरवला.

"कितीला गेलं?" त्याने विचारलं.

आईने न विचारलेला प्रश्न हा होता. आकडा मी उभ्या आयुष्यात कधी खोटा सांगितला नव्हता.

"एकशे सव्वीस."

"एकशे सव्वीस किलो?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, एकशे सव्वीसला तर मागचं चाक पण जाईल की. सायकलच ऱ्हाणार न्हाई. सिस्टरांचा खोका तेरा किलोचा."

मी त्याचा कप उचलला.

आमच्या शास्त्रात दोन चाचण्या असतात. एकीत आपण विचारतो: इतका भार पेलेल का? तेरा किलोला तिप्पट धरून चाळीस किलो द्यायचे, पाच मिनिटं ठेवायचे, काढायचे, आणि वस्तू जशीच्या तशी असेल तर ती उत्तीर्ण. मी जिथे थांबून वहीत लिहिलं होतं तो आकडा चाळीस होता. तिथे काहीही वाकलं नव्हतं. दुसऱ्या चाचणीत आपण विचारतो: कितीला मोडेल? या चाचणीतून कुठलीच वस्तू अखंड परत येत नाही. पूल येत नाही, धरणाचं काँक्रीट येत नाही. मोडलेल्या तुकड्याला आकड्याशिवाय काहीही अर्थ नसतो, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना शिकवते. आईला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, हे मला ठाऊक होतं.

दस्तगीरची नजर माझ्यावरून दाराकडे गेली आणि तिथेच थांबली. न्हाणीघराचा झरोका व्हरांड्यात उघडतो. नळाचा आवाज बंद झाला होता.

तो उठला. कॅरिअर काखेत मारून म्हणाला, "येतो, ताई," आणि पायऱ्या उतरून गेला.

आई हात वर धरून खोलीत येऊन बसली होती. मी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, दोघींचे मास्क बांधले, स्वतःचे हात धुतले. पिशवी आकडीला टांगली. नळीचं टोपण काढलं, जोड दिला, चिमटा सोडला. या वेळात बोलायचं नसतं. ऑगस्टची दुपार होती. बंद खोलीत घाम तिच्या कपाळावरून मास्कवर उतरत होता आणि ती माझ्या बोटांकडे बघत होती, शिकाऊ नर्सच्या बोटांकडे बघावं तसं. नियमाप्रमाणे तिने निचऱ्याच्या पिशवीखाली छापील कागद सरकवला. पाण्यातून अक्षरं स्वच्छ वाचता येत होती, म्हणजे पाणी गढूळ नव्हतं.

जोड पक्का झालेला होता, आता बोलायला हरकत नव्हती. तिने मास्क हनुवटीखाली ओढला.

"चंदना, एकशे सव्वीस किलो म्हणजे माझ्या पिशव्या किती गं?"

"सत्तावन्न."

"आणि मी नेणार होते सहा."

"सहा."

निचरा थेंबाथेंबाने येत होता. पंखा बंद असला की त्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज फार मोठा होतो.

"ते तापाचं तुझ्या मनातून गेलेलं नाही," आई म्हणाली. "माझ्या हातून झालं असं तुला वाटतं."

"कारण कळलेलं नाही. एका प्रसंगावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"ते झालं शास्त्र. मी तुला काय वाटतं ते विचारते आहे."

मी नळीवरचा चिमटा तपासला. तो बरोबर होता. पुन्हा तपासला.

"वाटतं," मी म्हटलं.

"मग तसं तोंडानं सांगायचं होतंस. जाळी कशाला मोडलीस? चांगली होती ती."

मी म्हटलं की दस्तगीर संध्याकाळपर्यंत नवी पट्टी घालून देईल, कॅरिअर नवं मिळतं, ती सोमवारी नाही तर मंगळवारी जाऊ शकते. भार सुरक्षित मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. मी तसं लिहून द्यायला तयार आहे. मी खूप बोलले. माझी दुपार मोकळी होणार होती, आठ महिन्यांत पहिल्यांदा मी बाराला कुठेही असू शकले असते, आणि ती मोकळीक मला नको होती, हे मात्र बोलले नाही. आईने सगळं ऐकून घेतलं.

"आता नको," ती म्हणाली. "तू रोज बाराला घड्याळाकडे बघत बसणार. मी तिथे टोपण काढताना तुझं हे तोंड माझ्या डोळ्यांपुढे येणार. त्यात हात हलला तर? आजपर्यंत कधी हलला नव्हता." तिने पाय वर घेतले. "राहते मी इथेच."

त्याच आठवड्यात दस्तगीरने न सांगता नवं कॅरिअर आणि नवी पट्टी बसवून सायकल जिन्याखाली आणून लावली. मी दर महिन्याला तिच्या चाकात हवा भरत असे. आई त्यानंतर सव्वादोन वर्षं जगली. जंतुसंसर्ग पुन्हा झाला नाही. बेडगला ती दोनदा गेली, दोन्ही वेळा माझ्याबरोबर, रिक्षाने, आणि दोन्ही वेळा आम्ही बाराच्या आत परत आलो.

पण त्या रविवारी अजून नवं द्रावण आत जात होतं. आईच्या उशाशी ठेवलेला फोन वाजला. ताराक्का होत्या. उद्या नक्की किती वाजता निघते आहेस, दारातली गाय बाजूला बांधून ठेवते म्हणजे सायकल आत घेता येईल, असं त्या मोठ्या आवाजात विचारत होत्या. मला पलंगाच्या या बाजूलाही ऐकू येत होतं.

"जय जिनेंद्र, ताराक्का," आई म्हणाली. "अगं, नाही जमायचं. चंदनाने मशीनवर घालून बघितलं. मोडली ती जाळी." ती माझ्याकडे बघत होती. "होय, चांगलीच घेतली होती. पण मोडली. मशीन काय खोटं बोलतंय होय? उद्या रस्त्यात मोडून पिशव्या फुटल्या असत्या म्हणजे?"

पलीकडून ताराक्का बराच वेळ बोलत राहिल्या. चुन्याचं, आकडीचं काहीतरी. आईने "हूं" म्हटलं, पुन्हा "हूं" म्हटलं.

"नाही गं, खरंच मोडली. तुला पटत नसेल तर तिलाच विचार."

तिने फोन माझ्यापुढे धरला. मी हात पुसले आणि फोन कानाला लावला.

"हो, मावशी," मी म्हटलं. "मोडली."